पुरुमेंताची बेगमी आणि ट्रॉलीतले कर्ज

चतुर्थी दोन आठवड्यांवर आली की रविवारी दुपारनंतर शहरालगतच्या मोठ्या गोदामवजा दुकानांबाहेर वाहनांची रांग हमरस्त्यापर्यंत पोहोचते. आत ट्रॉलीला ट्रॉली भिडलेली असते. साखरेच्या पाच-पाच किलोंच्या पिशव्या, तेलाचे डबे, ‘एकावर एक मोफत’चे फलक, आणि या सगळ्यांतून वाट काढणारी कुटुंबे. घरून आणलेल्या यादीत अठरा जिनसा असतात. बिलाच्या काउंटरवर मात्र चाळीस जिनसा मांडल्या जातात. रक्कम ऐकून क्षणभर कपाळावर आठी उमटते, मग कार्ड पुढे केले जाते आणि आठी विरते. बिलाच्या तळाशी ‘आपण वाचवलेली रक्कम’ ठळक अक्षरांत छापलेली असते. आपण खर्च केलेली जास्तीची रक्कम कुठेच छापलेली नसते.

अशा खरेदीला नावे ठेवणे सोपे आहे, पण त्यातून काही उलगडत नाही. घाऊक दराने, एकदम आणि साठवणुकीसाठी खरेदी करणे ही मुळात शहाणपणाची गोष्ट आहे, आणि गोमंतकीयांना ती कोणी नव्याने शिकवायला नको. मग तीच सवय आज अनेक घरांत हप्त्यांच्या आणि थकबाकीच्या वाटेने का जाते, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आधी आपल्याच घरच्या माळ्यावर डोकावून पाहावे लागेल.

पुरुमेंत : तीन मर्यादांची खरेदी

पावसाळ्यापूर्वीच्या बेगमीला गोव्यात ‘पुरुमेंत’ म्हणतात. पोर्तुगीज भाषेतील तरतूद या अर्थाच्या शब्दावरून तो आला. मे महिन्यात सुक्या मिरच्या, आगरातले मीठ, सुकी सुंगटे, सुके बांगडे, सोले, चिंच, गूळ, कांदे, तांदूळ आणि कडधान्ये घरात भरली जात. मडगावचे पुरुमेंताचे फेस्त आजही या प्रथेची आठवण जागती ठेवते, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पावसाआधीच्या आठवड्यांत मिरची व सुक्या मासळीभोवती दिसणारी गर्दी हा त्याच परंपरेचा भाग आहे.

ही खरेदी मोठी असे, पण तिला तीन मर्यादा होत्या. पहिली मर्यादा ऋतूची. पावसाचे महिने किती, घरात माणसे किती, यावरून प्रमाण ठरत असे. दुसरी मर्यादा जागेची. माळा, कणगी आणि बरण्या भरल्या की खरेदी थांबे. जास्त आणलेल्या जिनसांना बुरशी लागे. तिसरी मर्यादा रोकड पैशाची. काजूच्या हंगामातून, मजुरीतून किंवा बोटीवर असलेल्या मुलाने पाठवलेल्या रकमेतून जे हाती असे, त्यातच बाजार होत असे. या तीनही मर्यादा घराबाहेरून आपोआप पडत. त्यासाठी कुणाला मनोनिग्रह करावा लागत नसे.

आजचे गोदामवजा दुकान आणि खिशातले कार्ड यांनी मिळून या तीनही मर्यादा काढून टाकल्या आहेत. दुकान वर्षभर उघडे आहे, म्हणून ऋतू नाही. घरात फ्रीज आणि भिंतभर कपाटे आहेत, म्हणून जागेची अडचण उशिरा जाणवते. आणि पैसे आज हातात नसले तरी खरेदी होऊ शकते.

गोदामाचे दुकान कसे झाले

या दुकानांच्या आधी ट्रॉलीचा जन्म झाला. अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथील किराणा व्यापारी सिल्व्हन गोल्डमन यांच्या लक्षात आले की हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवते. त्यांनी १९३७ मध्ये घडीच्या खुर्चीवरून कल्पना घेऊन चाकांची गाडी तयार केली. पुरुमेंताच्या काळी हाताला लागणारे वजनदेखील एक मर्यादाच होती. चाकांनी ती दूर केली.

पुढे १९७६ मध्ये सोल प्राइस यांनी सॅन डिएगो येथे विमानांच्या एका जुन्या हँगरमध्ये ‘प्राइस क्लब’ सुरू केला. सिमेंटची जमीन, उंच लोखंडी मांडण्या, खोक्यांसकट ठेवलेला माल आणि आत येण्यासाठी वार्षिक सभासद शुल्क, अशी त्याची रचना होती. सिअ‍ॅटलमध्ये १९८३ मध्ये सुरू झालेल्या ‘कॉस्टको’ने हाच नमुना जगभर नेला. साधे सुपरमार्केट हजारो प्रकारचा माल ठेवते. कॉस्टको सुमारे चार हजार जिनसांवरच थांबते. जिनसा कमी, खप प्रचंड, त्यामुळे पुरवठादाराकडून भाव कमी मिळतो. स्वस्ताई खोटी नसते, हे येथे स्पष्टपणे नोंदवायला हवे. या दुकानांचे बळ खऱ्या काटकसरीत आहे. मात्र सभासद शुल्क आधीच भरलेले असल्याने ते ‘वसूल’ करण्याची ओढ गिऱ्हाइकाला पुन्हा पुन्हा आत आणते, आणि अधूनमधून बदलत राहणारा मर्यादित माल ‘आज घेतले नाही तर पुन्हा मिळणार नाही’ ही भावना जागी ठेवतो.

गर्दी हीसुद्धा योजनाच

भारतात या दुकानांनी वेगळे रूप घेतले. किशोर बियाणी यांनी २००१ मध्ये ‘बिग बाजार’ सुरू केला. चकचकीत, मोकळे आणि शांत दुकान सामान्य भारतीय गिऱ्हाइकाला महाग वाटते, तो दारातूनच परत फिरतो, हे त्यांनी हेरले होते. म्हणून दुकानात बाजारपेठेसारखी दाटी मुद्दाम राखली गेली. धान्य उघड्या पेट्यांत ठेवले, म्हणजे मुठीत घेऊन पाहता येईल. वाटा अरुंद, ढीग उंच आणि घोषणा सतत. २६ जानेवारी २००६ रोजी ‘सबसे सस्ता दिन’ जाहीर झाला, तेव्हा लोटलेली गर्दी आवरण्यासाठी पोलिसांना बोलवावे लागले आणि काही दुकाने मध्येच बंद करावी लागली.

गर्दी खरेदी का वाढवते? एक कारण विश्वासाचे. इतके लोक घेत आहेत, म्हणजे भाव चांगलाच असणार, असे मन मानते. दुसरे कारण धास्तीचे. ढिगाकडे चार हात एकाच वेळी जाताना दिसले की विचार करायला वेळ उरत नाही. तिसरे कारण केलेल्या कष्टांचे. डिचोलीहून किंवा केप्याहून गाडी काढून आलेले, पार्किंगसाठी अर्धा तास फिरलेले कुटुंब फक्त साखर आणि डाळ घेऊन परतायला राजी नसते. ‘एवढे आलोच आहोत तर’ हे वाक्य अशा दुकानात सर्वाधिक विक्री करणारे वाक्य असावे.

स्वस्ताईचे गणित कुठे चुकते

एक साधे, केवळ समजावण्यापुरते उदाहरण घेऊ. तेलाच्या पाच लिटरच्या डब्यात लिटरमागे दहा रुपये वाचले, म्हणजे बचत पन्नास रुपयांची. त्याच फेरीत यादीबाहेरची बिस्किटे, एक प्लॅस्टिकचा डब्यांचा संच आणि सवलतीतली चादर मिळून सातशे रुपये गेले. बिलावर मात्र या सातशेतही दोनशे ‘वाचवले’ असे दिसते, कारण सवलत छापील कमाल किमतीवरून मोजलेली असते. कमाल किरकोळ किंमत ही विक्रीची कमाल मर्यादा आहे. वस्तू त्याच किमतीला विकली जाईल असा तिचा अर्थ नाही. जी वस्तू घ्यायचीच नव्हती, तिच्यावरची सवलत ही बचत ठरत नाही.

दुसरी चूक वापराची. घरात मोठे पाकीट असले की हात सैल होतो. मोजून घातले जाणारे तेल ओतले जाते, आणि मुदत संपत आलेली बिस्किटे कुणीतरी खाऊन संपवतो. किलोमागे वाचलेले दोन रुपये अशा वेळी डब्यातूनच निसटतात.

उधारीची वही आणि कार्ड

पूर्वी उधारी नव्हती, असे मुळीच नाही. वाड्यावरच्या पसऱ्याकडे प्रत्येक घराची वही असे आणि पगार झाला, सुपारी विकली गेली की ती चुकती होई. पण त्या उधारीत विकणारा आणि उधार देणारा माणूस एकच होता. बुडाले तर त्याचेच बुडणार होते. म्हणून तो गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून, घरातली परिस्थिती ओळखून वही लिहीत असे आणि वही फुगली की स्वतःच सांगे, ‘आधीचे थोडे द्या, मग पुढचे बघू.’ ते ऐकताना अपमान वाटे. पण ती चौथी मर्यादा होती.

कार्डाने हे दोघे वेगळे केले. दुकानदाराला त्याचे पैसे लगेच मिळतात, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या ऐपतीशी त्याला कर्तव्य नाही. कर्ज देणारी बँक दुकानात हजर नसते, आणि तिचे उत्पन्न तर थकबाकी रेंगाळण्यावरच वाढते. गिऱ्हाइकाला थांबवण्यात हितसंबंध असलेले माणूस या व्यवहारात उरत नाही.

शिवाय पैसे देण्याची बोचही कमी होते. प्रेलेक आणि सिमेस्टर या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितले होते. रोख देणाऱ्यांपेक्षा कार्डाने देणाऱ्यांची बोली सरासरीने जवळजवळ दुप्पट होती. वस्तू तीच, माणसेही तशीच. फरक फक्त पैसे देण्याच्या पद्धतीचा होता.

किमान रकमेचा सापळा

कार्डाचे पूर्ण बिल मुदतीत भरले, तर व्याज लागत नाही. अडचण सुरू होते ती ‘किमान देय रक्कम’ भरून सुटल्याचा समज झाला की. समजा, सणाच्या खरेदीनंतर २०,००० रुपये थकले. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि किमान भरणा थकबाकीच्या पाच टक्के, असे धरू. नवी खरेदी अजिबात न करता वर्षभर केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास सुमारे ११,८०० रुपये भरून होतात आणि तरीही १७,५०० रुपयांहून अधिक थकबाकी उरते. भरलेल्या पैशांपैकी साधारण ९,३०० रुपये व्याज आणि करातच गेलेले असतात.

आणखी एक बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. मागील बिल पूर्ण भरलेले नसेल, तर नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. म्हणजे या महिन्याच्या तांदळावर खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू होते. दहा टक्के सवलतीत घेतलेला माल अशा थकबाकीत राहिला, तर वर दिलेल्या दराने साधारण तीन महिन्यांत ती सवलत व्याजात विरून जाते. तेथून पुढे तोच माल छापील किमतीपेक्षा महाग पडू लागतो.

कार्डाच्या थकबाकीवर ३० टक्क्यांहून अधिक वार्षिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो रद्द ठरवला. त्यामुळे या निर्णयाच्या आधाराने व्याजाला वेसण बसेल, ही आशा ग्राहकाला आता ठेवता येत नाही.

‘बिनव्याजी’ हप्त्यांत व्याज कुठे असते

किराण्याच्या त्याच दुकानात पुढच्या दालनात दूरचित्रवाणी संच आणि धुलाईयंत्रे असतात, आणि तेथे ‘शून्य व्याज’ असा फलक असतो. समजा, एका संचाची किंमत ३६,००० रुपये आहे. बारा महिने, दरमहा ३,००० रुपये. बेरीज बरोबर जुळते. पण तोच संच रोखीने ३३,००० रुपयांना मिळत असेल, तर खरे कर्ज ३३,००० रुपयांचे आहे आणि त्यावर ३,००० रुपये व्याज आपण देत आहोत. मुद्दल दर महिन्याला कमी होत जाते हे लक्षात घेतले, तर वार्षिक दर सुमारे १६ टक्के पडतो. त्याशिवाय प्रक्रिया शुल्क वेगळे. सप्टेंबर २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नसते आणि अशा योजनांत व्याज इतर शुल्कांच्या रूपाने दडवले जाते. बहुतांश किरकोळ कर्जांसाठी आता बँकांना आणि वित्तसंस्थांना एकूण वार्षिक खर्चाचा दर दाखवणारे महत्त्वाच्या माहितीचे विवरणपत्र द्यावे लागते. सही करण्यापूर्वी ते मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

घराघरांतून देशापर्यंत

देशाचे आकडे हेच सांगतात. कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत २०२०-२१ मध्ये, टाळेबंदीच्या वर्षी, सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ११ टक्क्यांहून अधिक होती. २०२२-२३ मध्ये ती सुमारे पाच टक्क्यांवर आली. या घसरणीत गृहकर्जांचाही वाटा आहे आणि घर ही मालमत्ता असते, हे खरे. पण रिझर्व्ह बँकेच्या २०२५ मधील स्थैर्य अहवालानुसार कुटुंबांच्या एकूण कर्जात घराव्यतिरिक्तच्या, मुख्यतः उपभोगासाठीच्या किरकोळ कर्जांचा हिस्सा निम्म्याहून अधिक आहे. ही वाढ पाहूनच बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये बिनतारण ग्राहक कर्जांवरील जोखीमभार १०० वरून १२५ टक्के केला होता.

गोव्याचे दरडोई उत्पन्न देशात अग्रस्थानी असलेल्या राज्यांत मोडते. म्हणून हा प्रश्न आपला नाही, असे कुणाला वाटेल. पण हप्ता उत्पन्नाच्या आकारावर टिकत नाही, त्याच्या सातत्यावर टिकतो, हा धडा गोव्याने मोठी किंमत देऊन घेतला आहे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, तेव्हा कर्जावर ट्रक घेतलेल्या शेकडो कुटुंबांचे उत्पन्न एकाएकी थांबले. हप्ते मात्र थांबले नाहीत. अखेर सरकारला खाणग्रस्त कर्जदारांसाठी मदत योजना आणावी लागली. २०१८ मध्ये खाणी पुन्हा थांबल्या आणि २०२० मध्ये टाळेबंदीने पर्यटनावर जगणाऱ्यांची तीच गत केली. ट्रकचे कर्ज निदान कमाईच्या साधनासाठी होते. तीन वर्षांपूर्वीच्या चतुर्थीतील खरेदीचा हप्ता फेडणाऱ्याकडे तेही नसते.

कर्जाचे ओझे दुकानांनाही चुकत नाही. गर्दीचे शास्त्र ओळखणाऱ्या बिग बाजारची मूळ कंपनी वेगाने विस्तारताना घेतलेल्या कर्जाखाली दबली. २०२२ मध्ये ती दिवाळखोरी प्रक्रियेत गेली आणि २०२४ मध्ये तिच्या अवसायनाचा आदेश निघाला. याउलट राधाकिशन दमानी यांच्या ‘डी-मार्ट’ने २००२ पासून शक्यतो स्वतःच्या मालकीच्या जागेत, सावकाश दुकाने वाढवली आणि २०१७ मध्ये भांडवल बाजारातून उभारलेल्या रकमेचा मोठा भाग कर्जफेडीसाठी राखला. आपल्याला घाऊक माल विकणारे दुकान स्वतः कर्जापासून किती जपून राहते, हे गिऱ्हाइकाने पाहण्यासारखे आहे.

मर्यादा पुन्हा घालताना

पूर्वी ज्या मर्यादा ऋतूने, माळ्याने आणि रिकाम्या खिशाने घातल्या, त्या आता आपल्यालाच घालाव्या लागतील. त्यासाठी फार मोठे व्रत नको.

ऋतूच्या जागी यादी ठेवावी. घरातील डबे पाहून ती लिहावी आणि प्रत्येक जिनसेपुढे प्रमाणही लिहावे. ‘साखर’ असे न लिहिता ‘साखर, तीन किलो’ असे. जागेच्या जागी मुदत पाहावी. पाकिटावरची वापराची अंतिम तारीख आणि घरातील महिन्याचा खप यांचा मेळ बसत नसेल, तर मोठे पाकीट स्वस्त ठरत नाही. पाकिटांची तुलना किलोमागच्या किंवा लिटरमागच्या दराने करावी. हा दर आता अनेक पाकिटांवर छापलेला असतो. आणि रोकडीच्या जागी एक नियम असावा : खाण्यापिण्याची वस्तू उधारीवर घ्यायची नाही. कार्ड वापरायचे तर तेवढी रक्कम त्याच दिवशी खात्यात वेगळी काढून ठेवायची.

ज्यांची थकबाकी आधीच साचली आहे, त्यांनी सर्व हप्ते एका कागदावर व्याजदरासह लिहून काढावेत. बहुतेक घरांत ही बेरीज कुणीच केलेली नसते. सर्वाधिक व्याजाचे कर्ज, म्हणजे बहुधा कार्डाची थकबाकी, आधी संपवावी. तोवर ते कार्ड घरीच राहू द्यावे. कमी व्याजाचे कर्ज घेऊन ती फेडणे शहाणपणाचे ठरते, पण रिकामे झालेले कार्ड पुन्हा भरले नाही तरच. थकबाकीची गोष्ट घरच्यांपासून लपवू नये. वसुली प्रतिनिधींना सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर फोन करण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. छळ होत असेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. तेथे दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

पुरुमेंत भरून झाले की जुन्या घरांत एक निश्चिंती येत असे. बाहेर पाऊस कितीही कोसळो, घरात मीठ-मिरची आहे आणि कुणाचे देणे नाही, असे म्हणता येत असे. त्यातला पहिला भाग आजची दुकाने आपल्याला वर्षभर, आणि पूर्वीपेक्षा स्वस्तात देतात. दुसरा भाग मात्र कोणत्याही मांडणीवर विकायला ठेवलेला नाही. यंदाच्या चतुर्थीला माटोळी बांधताना घरात माल किती आला यासोबत देणे किती आले, हेही एकदा मोजून पाहावे.